डोनबासमध्ये रशिया होता का? आधी महिना सांगा

रशिया-युक्रेनचा विषय रावेर-यावलकडे निघतो तो बहुधा पोटॅशच्या गोणीवरून. केळीला झाडामागे २०० ग्रॅम पालाश द्यायचं तर म्युरेट ऑफ पोटॅश ३३३ ग्रॅमच्या आसपास लागतं, कारण त्यात पालाश ६० टक्केच असतं. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या एकरात १,८०० झाडं धरली तर ६०० किलो, म्हणजे १२ गोण्या. २०२२ मध्ये ५० किलोची गोणी १,७०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा नुसत्या पोटॅशचे एकरी २० हजार झाले. हे खत बाहेरून येतं आणि रशिया व बेलारूस त्यातले मोठे पुरवठादार. युक्रेनला डॉक्टर व्हायला गेलेली आपल्याकडची पोरं त्याच वर्षी अर्धवट शिक्षण टाकून परतली. त्यामुळे या युद्धावर जळगाव-धुळ्यात मत नसलेला माणूस सापडणं अवघड.

वाद मात्र दरवेळी एकाच खड्ड्यात जाऊन रुततो: डोनबासमध्ये, म्हणजे पूर्व युक्रेनच्या डोनेत्स्क आणि लुहान्स्क प्रांतांत, रशियाची फौज होती का. एक म्हणतो, ‘रशिया आपला जुना दोस्त शे भाऊ, डोनबासचं ते घरातलं भांडण होतं, अमेरिकेनं पेटवलं.’ दुसरा म्हणतो, रशियानं पहिल्या दिवसापासून फौज घुसवली. पहिला बोलत असतो मार्च-एप्रिल २०१४ च्या गर्दीबद्दल, दुसरा ऑगस्ट २०१४ च्या रणगाड्यांबद्दल. दोघांच्या खिशात आपापल्या महिन्याचे फोटो असतात. महिना ठरवल्याशिवाय या वादात पुढे जाताच येत नाही, म्हणून समोरच्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: कधीचं बोलतोय?

२४ फेब्रुवारी २०२२ नंतरचं इथं घेत नाही. तेव्हापासून फौज आहे हे रशिया स्वतःच सांगतो. प्रश्न आहे त्याआधीच्या आठ वर्षांचा.

क्रिमिया बाजूला काढा, कारण ते प्रकरण पुतिन यांच्याच तोंडून मिटलं आहे. २७ फेब्रुवारी २०१४ ला क्रिमियाच्या राजधानीतली, सिंफेरोपोलमधली संसदेची इमारत बिल्ला-चिन्ह नसलेल्या सशस्त्र लोकांनी ताब्यात घेतली. ४ मार्चला पुतिन म्हणाले की ही स्थानिक स्वसंरक्षण पथकं आहेत, असले गणवेश दुकानात मिळतात. १६ मार्चला सार्वमत, १८ मार्चला विलीनीकरणाचा करार. आणि १७ एप्रिलला त्यांनीच दूरदर्शनवरच्या प्रश्नोत्तरांत सांगितलं की त्या पथकांच्या मागे आमचे सैनिक उभे होते. त्याच कार्यक्रमात त्यांनी पूर्व युक्रेनमध्ये आमचं कोणी नाही, असंही ठासून सांगितलं. पुढे १७ डिसेंबर २०१५ च्या वार्षिक पत्रकार परिषदेत भाषा बदलली: तिथं लष्करी स्वरूपाची काही कामं करणारे लोक नाहीत असं आम्ही कधी म्हटलंच नाही, पण नियमित फौज नाही. ४ मार्च, १७ एप्रिल आणि १७ डिसेंबर या तीन तारखा पाठ असल्या की ‘रशियानं नाकारलंय ना’ हा मुद्दा आपोआप हलका होतो. नाकारणं हा पुरावा धरायचा, तर दीड महिन्यात फिरलेलं नाकारणंही सोबत धरावं लागतं.

आता डोनबास. एप्रिल २०१४ मध्ये तिथं खरोखरीचा असंतोष होता, हे मान्य न करणाऱ्याशी वाद घालू नये. युक्रेनचे अध्यक्ष यानुकोविच डोनेत्स्कचे, ते पळून गेले होते, कीव्हमधल्या नव्या सरकारवर तिथल्या पुष्कळ लोकांचा विश्वास नव्हता. पण असंतोष किती आणि कशासाठी, हेही बघावं. कीव्हच्या समाजशास्त्र संस्थेनं त्याच महिन्यात केलेल्या पाहणीत रशियात सामील व्हावं म्हणणारे डोनेत्स्क प्रांतात २७.५ टक्के आणि लुहान्स्कमध्ये ३०.३ टक्के निघाले. हा आकडा दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. ‘सगळे रशियाचे’ म्हणणाऱ्याला तो कमी पडतो, ‘कोणीच नव्हतं’ म्हणणाऱ्याला जास्त.

याच असंतोषात १२ एप्रिलला स्लोव्हियान्स्क शहरातली पोलीस चौकी एका सशस्त्र टोळीनं घेतली. तिचा म्होरक्या इगोर गिरकिन, ऊर्फ स्त्रेलकोव्ह, रशियन नागरिक, रशियाच्या गुप्तहेर खात्यातला निवृत्त कर्नल. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका रशियन वृत्तपत्राला मुलाखत देताना त्यानं सांगितलं की युद्धाचा चाप मीच ओढला. आमची तुकडी हद्द ओलांडून गेली नसती तर खारकीव आणि ओदेसासारखंच इथलंही विझलं असतं. फुटीरांनी जाहीर केलेल्या ‘डोनेत्स्क लोक प्रजासत्ताक’चा पहिला पंतप्रधान अलेक्झांडर बोरोदाई हाही मॉस्कोचा माणूस, आणि त्याच्या जागी स्थानिक झाखारचेन्को आला तो ऑगस्टमध्ये. म्हणजे पहिल्या टप्प्यात पुढारी बाहेरचे, हाताखालची पोरं बरीचशी स्थानिक. एवढ्यावरून ‘रशियन फौज’ म्हणता येत नाही. निवृत्त कर्नल सरकारच्या हुकमानं गेला की स्वतःच्या डोक्यानं, हा प्रश्न त्याच्या पासपोर्टवरून सुटत नाही. इथं घाई केली की समोरचा नेमकं हेच विचारतो आणि आपण अडकतो.

त्यापुढचा टप्पा हत्यारांचा, आणि खरी चूक इथं होते. लोक रणगाड्याचा फोटो टाकतात आणि म्हणतात, बघा रशियन. युक्रेनकडेही सोव्हिएत काळाचेच रणगाडे आहेत. टी-६४ खारकीवला बनायचा. त्याची चाकं लहान आणि सुटी-सुटी दिसतात. तो फुटीरांकडे दिसला तर पळवलेला असेल, पकडलेला असेल, रशियाच्या गोदामातून आलेला असेल; फोटोवरून काहीच ठरत नाही. जुना टी-७२ही तसाच. ठरतं ते टी-७२बी३ वरून. हे सुधारित मॉडेल २०१३ च्या सुमारास रशियन तुकड्यांत यायला लागलं आणि युक्रेनला कधी विकलंच गेलं नाही. ओळखायचं कसं? बुरुजाच्या डाव्या बाजूला, तोफचीच्या झाकणापुढे ‘सोस्ना-यू’ दुर्बिणीचा चौकोनी लोखंडी डबा असतो, आणि बुरुजाच्या मागच्या भागावर वारा मोजणारी छोटी उभी दांडी. जुन्या टी-७२बी वर हा डबा नसतो. ऑगस्ट २०१४ मध्ये डोनेत्स्क प्रांतातल्या इलोव्हाइस्कच्या परिसरात असे रणगाडे कॅमेऱ्यात आले. फोटोत बुरुजाची डावी बाजू दिसत नसेल, किंवा डहाळ्यांनी झाकलेली असेल, तर तो फोटो सोडून द्यावा. दहा अर्धवट फोटोंपेक्षा डबा स्वच्छ दिसणारा एक बरा.

काडतुसांबद्दल वरणगावच्या आयुध कारखान्यात काम केलेल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण आणि सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. सोव्हिएत पद्धतीत १७ म्हणजे बार्नाउल, १८८ नोव्होसिबिर्स्क, ५३९ तुला, आणि २७० म्हणजे खुद्द लुहान्स्क. आता बुडावर १७ आणि ८३ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की ती गोळी १९८३ मध्ये बार्नाउलला भरली. तेव्हा देश एकच होता आणि हा माल कीव्हच्या गोदामातही होता. साल १९९१ च्या नंतरचं आणि कारखाना रशियातला असेल तरच विचार सुरू होतो, आणि तोही सुरूच होतो, संपत नाही, कारण गोळ्या बाजारातही विकल्या जातात. काडतूस कुठं बनलं ते सांगतं, कुणी झाडलं ते नाही.

फोटोची दुसरी खोट जुनेपणाची. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका सेनेटरनं युक्रेनी शिष्टमंडळाकडून आलेले ‘युक्रेनमध्ये घुसलेल्या रशियन रणगाड्यांचे’ फोटो प्रसिद्ध केले. त्यातले काही २००८ च्या जॉर्जिया युद्धाच्या वेळचे निघाले. दावा एकूणात खरा, फोटो खोटा, आणि पुढची कित्येक वर्षं रशियाच्या बाजूच्यांनी तोच फोटो दाखवून सगळा दावा उडवला. म्हणून फोटो पुढे ढकलण्याआधी तीन कामं करायची. तो उलट शोधून सर्वांत जुनी तारीख काढायची. फोटोतली न हलणारी वस्तू, म्हणजे पाण्याची टाकी, विजेच्या मनोऱ्यांची रांग, रुळांचं वळण, उपग्रहाच्या नकाशावर जुळवायची. मग पिकं आणि झाडं बघायची. डोनबासच्या शेतात उभं सूर्यफूल दिसत असेल तर ते फेब्रुवारीतलं असूच शकत नाही. तिसरं काम आपल्या शेतकऱ्याला शहरी माणसापेक्षा चांगलं जमतं, पण तेच बहुतेक जण करत नाहीत.

वेळ लपवण्याचा प्रकार व्हिडिओतही चालतो. १८ फेब्रुवारी २०२२ ला डोनेत्स्क आणि लुहान्स्कच्या म्होरक्यांनी ‘आजच’ युक्रेनचा हल्ला होणार म्हणून लोकांना रशियात हलवण्याची घोषणा केली. टेलिग्रामवर चढवलेल्या त्या फायलींतच चित्रीकरणाची तारीख राहून गेली होती: १६ फेब्रुवारी. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फायलीत मात्र ही आतली माहिती सहसा टिकत नाही, त्यामुळे मूळ फाइल हाती नसेल तर या तपासणीचा हट्ट धरू नये.

फौजेचा प्रश्न सुटतो तो ऑगस्ट २०१४ मध्ये. ५ जुलैला स्लोव्हियान्स्क युक्रेननं परत घेतलं होतं, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात डोनेत्स्क आणि लुहान्स्क दोन्ही शहरं जवळजवळ कोंडली गेली होती. स्थानिक बंड असतं तर ते तिथं संपायला हवं होतं. १४ ऑगस्टच्या रात्री गार्डियन आणि टेलिग्राफच्या बातमीदारांनी रशियन चिलखती गाड्यांची रांग हद्द ओलांडताना डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी युक्रेननं त्या रांगेचा बराचसा भाग उडवल्याचं जाहीर केलं, आणि त्याचा पुरावा कधी दाखवला नाही. ते वाक्य आपण वापरायचं नाही. २४ ऑगस्टच्या सुमारास ९८ व्या हवाई छत्री डिव्हिजनच्या कोस्त्रोमा इथल्या रेजिमेंटचे दहा सैनिक युक्रेनच्या हद्दीत पकडले गेले. रशियानं ते आपले सैनिक असल्याचं मान्य केलं, फक्त चुकून हद्द ओलांडली म्हणाला. २७ ऑगस्टला दक्षिणेचं नोव्होअझोव्हस्क पडलं. इलोव्हाइस्कमधून माघार घेणाऱ्या युक्रेनी तुकड्यांना २९ ऑगस्टला वाटेतच भाजून काढलं गेलं. युक्रेनच्या अधिकृत मोजणीत तिथले मृत ३६६. झाखारचेन्को त्याच आठवड्यात म्हणाला की आमच्यासोबत रशियाचे सेवेतले सैनिकही लढतायत, रजा समुद्रकिनारी न घालवता आमच्याकडे आलेत. रणगाडा घेऊन रजेवर जाणारी फौज जगात दुसरी ऐकिवात नाही.

त्याच दिवसांत प्स्कोव्ह शहराजवळ वीबुती गावात ताज्या कबरी दिसल्या. ७६ व्या छत्री डिव्हिजनचं ते ठाणं. त्याची चौकशी करणाऱ्या स्थानिक आमदार लेव्ह श्लोसबर्ग यांना २९ ऑगस्टला मारहाण झाली. मे २०१५ मध्ये पुतिन यांनी हुकूम काढला की शांतता काळातल्या विशेष कारवायांत मेलेल्या सैनिकांचा आकडाही सरकारी गुपित. कुठलीच कारवाई नसेल तर हे गुपित कशाला लागतं, हा प्रश्न समोरच्याला नुसता विचारून गप्प बसावं.

एमएच१७ चं प्रकरण वेगळं घ्यावं लागतं, कारण तिथं पुरावा सगळ्यात दाट आहे आणि गोंधळही. १७ जुलै २०१४, अॅमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशियाचं बोइंग ७७७ डोनबासवर पाडलं गेलं, २९८ माणसं मेली, त्यांतले १९६ डच. त्याच वेळी त्या आकाशात एअर इंडियाचं दिल्ली-बर्मिंगहॅम विमानही होतं. आपल्याकडे हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. नेदरलँड्सच्या पुढाकारातल्या संयुक्त तपास पथकानं सप्टेंबर २०१६ आणि मे २०१८ मध्ये निष्कर्ष दिले: जमिनीवरून विमान पाडणारं बुक क्षेपणास्त्र, पेर्वोमाइस्की गावाजवळच्या शेतातून सुटलेलं, लाँचर रशियाच्या कुर्स्क इथल्या ५३ व्या विमानविरोधी ब्रिगेडचा. हे कसं कळलं? जून २०१४ मध्ये कुर्स्कहून हद्दीकडे निघालेल्या ताफ्याचे व्हिडिओ रस्त्यावरच्या लोकांनी काढले होते. त्यातल्या एका लाँचरच्या बाजूची पट्टी ठरावीक जागी वाकलेली, त्यावर रंगवलेल्या अंकातला मधला आकडा पुसट. १७ जुलैला डोनेत्स्क आणि आसपास लाल ट्रेलरवर पांढऱ्या व्होल्वोनं ओढलेला लाँचर, त्याच खुणा, चार क्षेपणास्त्रं. दुसऱ्या पहाटे लुहान्स्कमधून परतताना तीन. अवशेषांत आणि वैमानिकाच्या शरीरात फुलपाखराच्या आकाराचे पोलादी तुकडे सापडले, आणि ते बुकच्या एका विशिष्ट स्फोटकाग्रातच असतात.

रशियाची बाजू तपासायला हवीच, आणि ती तपासली की कळतं ती एक नाहीच. जुलै २०१४ मध्ये संरक्षण मंत्रालय युक्रेनच्या सु-२५ विमानाकडे बोट दाखवत होतं. ते विमान सात किलोमीटरसाठी बनलेलं, बोइंग दहा किलोमीटरवर होतं. नोव्हेंबरमध्ये सरकारी वाहिनीनं लढाऊ विमान बोइंगवर क्षेपणास्त्र सोडतानाचं ‘उपग्रह छायाचित्र’ दाखवलं. ते बनावट निघालं. जून २०१५ मध्ये बुक बनवणारी रशियन कंपनीच म्हणाली की बुकच होतं, पण दुसऱ्या गावातून सुटलं. तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मात्र युक्रेनवरही ठपका आहे, तो लपवू नये. डच सुरक्षा मंडळानं २०१५ मध्ये स्पष्ट लिहिलं की युक्रेनला हवाई हद्द बंद करायला पुरेसं कारण होतं. त्यांनी ३२ हजार फुटांपर्यंतच बंद केली, आणि हे विमान ३३ हजारांवर होतं. हेगच्या न्यायालयानं १७ नोव्हेंबर २०२२ ला गिरकिनसह तिघांना गैरहजेरीत दोषी धरलं, एकाला सोडलं. सोडलं हेही सांगायचं.

तोफगोळ्याचा खड्डा बघून दिशा काढता येते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. सपाट कोनात आलेला गोळा जमिनीला टेकताच फुटला तर कपच्या दोन बाजूंना पंखांसारख्या पसरतात. त्या दोन पंखांमधल्या कोनाचे दोन सारखे भाग करणारी रेघ तोफेकडे जाते. ग्राड अग्निबाणाची शेपटीकडची नळी बऱ्याचदा जमिनीत तिरपी रुतून राहते, तिचा कल आणि दिशा मोजतात. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक हिशेबात धरायचा, निदान चार-पाच खड्डे मोजून मेळ घालायचा, मग पल्ल्याचा कंस काढायचा. ग्राडचा पल्ला वीस किलोमीटरच्या आसपास. बिघडतं ते असं: एकाच खड्ड्यावर निकाल, नळी कुणीतरी उपसून फोटोसाठी पुन्हा रोवलेली, भुसभुशीत मातीत पंख उमटलेच नाहीत, किंवा गोळा भिंतीला आपटून फुटला. जानेवारी २०१५ मध्ये मारिउपोलच्या वस्तीवर अग्निबाण पडून तीसच्या आसपास माणसं मेली तेव्हा युरोपीय सुरक्षा संघटनेच्या, म्हणजे ओएससीईच्या, निरीक्षकांनी याच पद्धतीनं खड्डे मोजले. ग्राड ईशान्येकडून, ओक्त्याब्र गावाच्या परिसरातून, उरागान हा मोठा अग्निबाण पूर्वेकडून, झाइचेन्को भागातून. दोन्ही जागा फुटीरांच्या ताब्यात. निरीक्षकांनी तेवढंच लिहिलं. दिशा आणि जागा. चाप कुणाच्या बोटाखाली होता हे खड्डा सांगत नाही.

या निरीक्षकांचे रोजचे अहवाल दोन्ही बाजू सोयीनं वापरतात. ‘ओएससीईला रशियन फौज दिसली नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. त्यांची हद्दीवरची कायमची नजर फक्त दोन चौक्यांवर होती, गुकोव्हो आणि दोनेत्स्क. हे दुसरं दोनेत्स्क म्हणजे रशियाच्या रोस्तोव्ह प्रांतातलं छोटं शहर; युक्रेनमधलं मोठं शहर वेगळं, आणि या नावानं भलेभले फसतात. कीव्हच्या ताब्याबाहेरची हद्द ४०० किलोमीटरच्या आसपास. दोन दारांशी बसून एवढं कुंपण कसं दिसणार? तरीही त्या दोन चौक्यांवरून ‘कार्गो २००’ लिहिलेल्या गाड्या जाताना त्यांनी नोंदवल्या. सोव्हिएत फौजेत हा शब्द मृतदेहांसाठी वापरत. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांच्या ड्रोननं रात्री मानिच गावाजवळ, जिथं चौकीच नाही अशा कच्च्या वाटेनं हद्द ओलांडणारे ट्रक टिपले. त्याआधी जुलैत चोर्नुखिने जवळ लेयर-३ सारखी जॅमर यंत्रणा दिसली, आणि ती रशियन फौजेचीच. २०२१ च्या सप्टेंबरअखेर त्या दोन चौक्यांवरची निगराणीही रशियानं मुदतवाढ न दिल्यानं बंद झाली.

उलट बाजूची गफलत अशी, की अहवालातला शस्त्रसंधीभंगांचा आकडा उचलून ‘युक्रेननं इतके हल्ले केले’ म्हणतात. त्या आकड्यात ऐकू आलेले स्फोट आणि गोळीबाराच्या फैरी मोजलेल्या असतात, करणाऱ्याचं नाव लावलेलं नसतं.

मग येतो १४ हजारांचा आकडा. ‘युक्रेननं आठ वर्षांत १४ हजार रशियन भाषक मारले.’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास चालतं आणि साफ चुकीचं आहे, जरी आकडा खरा असला तरी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजानुसार एप्रिल २०१४ ते डिसेंबर २०२१ मध्ये दोन्हीकडचे मिळून १४,२०० ते १४,४०० मेले. त्यात युक्रेनचे सैनिक सुमारे ४,४००, सशस्त्र गटांचे सुमारे ६,५००, आणि नागरिक किमान ३,४०४. या नागरिकांत एमएच१७ चे २९८ही धरलेले आहेत. वर्षवार लावलं की चित्र आणखी उघडं पडतं: २०१४ मध्ये २,०८४, २०१५ मध्ये ९५५, मग ११२, ११७, ५८, २७, २६ आणि २०२१ मध्ये २५. बेरीज करून बघा, जमते. शेवटच्या तीन वर्षांत मिळून ७८. यातले किती कुणाच्या गोळ्यानं, याचं उत्तर या बेरजेत नाही. फुटीरांच्या ताब्यातल्या वस्त्यांत जास्त लोक मेले हे खरं आहे, आणि २०१४ मध्ये युक्रेनी फौजेनं डोनेत्स्क शहरात क्लस्टर बॉम्ब वापरल्याचे पुरावे ह्यूमन राइट्स वॉचनं दिले आहेत. ओदेसात २ मे २०१४ ला ४८ माणसं मेली, बहुतेक कामगार संघटनेच्या इमारतीतल्या आगीत, आणि तिथं युक्रेननं ना हिंसा रोखली ना नीट तपास केला, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये म्हटलं. हे सगळं मान्य करून बोललं की तुमच्या बाकीच्या मुद्द्यांना वजन येतं.

मिन्स्क करारावर, म्हणजे डोनबासमधल्या शस्त्रसंधीसाठीच्या दुसऱ्या करारावर, बोलायचं तर तो आधी वाचावा. १३ कलमांचाच आहे. १२ फेब्रुवारी २०१५ ला सह्या झाल्या, त्यात रशियाच्या राजदूताची सही आहे, पण कुठल्याही कलमात रशियानं अमुक करावं असं नाव घेऊन लिहिलेलं नाही. म्हणून रशिया म्हणायचा, आम्ही मध्यस्थ. दहाव्या कलमात मात्र परदेशी सशस्त्र तुकड्या आणि भाडोत्री सैनिक बाहेर काढायचं आहे. परदेशी कोणी नव्हतंच तर हे कलम कुणासाठी? नवव्या कलमात हद्दीचा ताबा युक्रेनला परत, पण स्थानिक निवडणुकांनंतर. गाडं अडलं ते इथंच. कीव्ह म्हणे आधी हद्द, मॉस्को म्हणे आधी निवडणूक. आणि सहीची शाई वाळायच्या आत, १८ फेब्रुवारीला, युक्रेनच्या ताब्यातलं देबाल्त्सेव्हे शहर पडलं.

शेवटी नियंत्रण कुणाचं, हा कायद्याचा प्रश्न उरतो. आखाजीला ठरवलेल्या सालदाराचं उदाहरण घ्या. बी, खत, पगार मालकाचा, पण आज कुठली पात धरायची हे बऱ्याचदा सालदारच ठरवतो. बांध फोडला तर जबाबदार कोण? १९८६ च्या निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणालं, त्या विशिष्ट कृत्यावर मालकाचं थेट नियंत्रण दाखवा. १९९९ मध्ये माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं तादिच खटल्यात सैल कसोटी लावली: पैसा, हत्यारं आणि एकंदर आखणी मालकाची असेल तर पुरे. हेगच्या डच न्यायालयानं या दुसऱ्या कसोटीनं मे २०१४ च्या मध्यापासून डोनेत्स्क गटावर रशियाचं नियंत्रण धरलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं ११ मे २०१४ पासून फुटीर भागावर रशियाचा परिणामकारक ताबा मानला, आणि ९ जुलै २०२५ ला एमएच१७ सह बऱ्याच गोष्टींसाठी जबाबदार धरलं.

समोरचा थोडा वाचलेला असेल तर इथं ३१ जानेवारी २०२४ चा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल काढेल: ‘युक्रेनचे आरोप फेटाळले.’ बरेचसे फेटाळले, खरं आहे. पण त्या खटल्यातला डोनबासचा प्रश्न दहशतवादाला पैसा पुरवण्याच्या करारापुरता होता, आणि न्यायालयानं ठरवलं की त्या करारातला ‘निधी’ म्हणजे पैसा व मालमत्ता, हत्यारं नव्हेत. हत्यारं दिली नाहीत असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. उलट निधीच्या तक्रारींची चौकशी न केल्याबद्दल रशियावर ठपका आहे.

राहिला १९७१ चा मुद्दा. सोव्हिएत संघानं सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला, ते विसरण्यासारखं नाही. त्या सोव्हिएत संघात युक्रेनही होता, आणि आपल्या नौदलाच्या बऱ्याच जहाजांची टर्बाइनं युक्रेनमधल्या मिकोलाइव्हची आहेत. युक्रेननं पाकिस्तानला ३२० टी-८०यूडी रणगाडे विकले, हेही तितकंच खरं. यातल्या एकाही गोष्टीनं इलोव्हाइस्कच्या रस्त्यावर कुणाचा रणगाडा होता हे बदलत नाही. भारत सरकार २७ मार्च २०१४ ला आणि २ मार्च २०२२ ला आमसभेत तटस्थ राहिलं, त्याला सरकारची आपली कारणं होती. १६ मार्च २०२२ ला मात्र आंतरराष्ट्रीय न्यायालयानं लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश १३ विरुद्ध २ मतांनी दिला, तेव्हा विरोधात रशियन आणि चिनी न्यायाधीश होते. भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी बहुमतात. काही जण यावरून भारताची भूमिका बदलली म्हणतात. ते चूक, कारण त्या खुर्चीवरचा न्यायाधीश सरकारचा प्रतिनिधी नसतो, आणि दिल्लीनं त्यानंतरही तटस्थतेचंच बटण दाबलं.